मुलीच्या बात मित्झ्वाचा सेवा-उपक्रम: न्यू जर्सीतली डाळीची फळी की गावची दफनभूमी?

नवगावची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार. माझे माहेर अलिबागजवळचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्यापैकी. लग्नानंतर गेली १६ वर्षे न्यू जर्सीत आहे. थोरली मुलगी जुलैत १३ वर्षांची होईल आणि ऑगस्टमध्ये तिचा बात मित्झ्वा आहे.

ज्यांना या विधीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मित्झ्वा म्हणजे आज्ञा; मुलाचा तो बार मित्झ्वा, मुलीचा बात मित्झ्वा. मुलगा १३ वर्षांचा झाला की धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी आईवडिलांच्या खांद्यावरून उतरून त्याच्या स्वतःच्या खांद्यावर येते. मुलीसाठी परंपरेने १२ वे वर्ष सांगितले आहे, पण आमच्या इथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, दोघांनाही १३ धरतात. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी मूल सगळ्यांसमोर तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचते आणि त्या आठवड्याच्या पाठावर स्वतः लिहिलेले छोटे भाषण करते. माझ्या लहानपणी गावी भावाचा बार मित्झ्वा झाला तेव्हा घरात मलिदा झाला, पोहे-नारळ-साखरेची ताटे भरली आणि एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, नाव घेतले गेले. आम्हा बहिणींसाठी असे काही नव्हते, त्यामुळे लेकीला तोरा वाचताना पाहणे ही माझ्यासाठी किती मोठी गोष्ट आहे ते शब्दांत सांगता येणार नाही.

अमेरिकेतल्या बहुतेक सिनेगॉगांमध्ये या तयारीला आणखी एक जोड असते, ती सेवा-उपक्रमाची. मुलाने काही महिने एखादे लोकोपयोगी काम स्वतः करायचे आणि त्याचा आपल्या पाठाशी काय संबंध आहे हे भाषणात सांगायचे. मुलीच्या वाट्याला ‘रे’ए’ हा पाठ आला आहे. हा पाठ तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला; त्याच्या १५ व्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, तुझ्या गावात कोणी गरीब असेल तर मन कठोर करू नकोस, मूठ आवळू नकोस, हात मोकळा सोड आणि त्याला जे उणे आहे ते पुरेल इतके दे. ‘त्याला जे उणे आहे’ या शब्दांवर ती गेले दोन महिने अडून बसली आहे, आणि त्याला कारण झाले ते असे.

जवळच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रात, आम्ही दोघी दर रविवारी सकाळी दोन तास जातो. पेसाख या वसंतातल्या सणाच्या आधी ज्यू घरांतून खमीर आणि गव्हाचे पदार्थ बाहेर काढायचे असतात, त्यामुळे त्या सुमारास सिनेगॉगमधून पँट्रीकडे खोकीच्या खोकी जातात. ही चांगली प्रथा आहे आणि त्या अन्नाने पुष्कळांची पोटे भरतात, यात शंका नाही. यंदाही पास्ता आणि सुपाच्या डब्यांनी फळ्या भरून गेल्या. त्या रविवारी साडी नेसून वर जाड कोट घातलेल्या एक आजी रांगेत होत्या. सुपाचा एक डबा हातात घेऊन त्या बराच वेळ उलटसुलट फिरवत राहिल्या, मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि शेवटी माझ्या मुलीला गुजरातीत काहीतरी विचारले. मुलीला गुजराती येत नाही, पण त्यांचे बोट डब्यावरच्या बारीक अक्षरांवर होते, म्हणून तिने ती वाचली. सूप भाज्यांचे होते, पण त्यात कोंबडीचा रस्सा घातलेला होता. तिने मान हलवून नाही म्हणताच आजींनी डबा जागेवर ठेवला, पुढचा उचलला, त्याचेही तेच निघाले. त्या दिवशी आजी पावाचे एक पाकीट आणि चार केळी घेऊन गेल्या. मुलगी परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलली नाही.

तिच्या मनात आता असे आहे की पँट्रीत एक वेगळी फळी असावी, तिच्यावर तांदूळ, तूर, मसूर, मूग, पोहे, हळद आणि तेल असावे, आणि प्रत्येक पाकिटावर गुजराती, हिंदी, तेलुगू आणि स्पॅनिशमध्ये नाव लिहिलेले असावे. दुसरीकडे माझ्या वडिलांची मनापासून इच्छा अशी की नातीने गावच्या आमच्या जुन्या दफनभूमीचे काम हाती घ्यावे. तिथे आता बेने इस्राएलांचे एकही घर उरलेले नाही आणि कबरींवर रान माजले आहे. दोन्ही कामे मला आपली वाटतात. वेळ मात्र एकालाच पुरेल. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

विदुला_शिकागो

मी गेली नऊ वर्षे शिकागोच्या एका उपनगरात पँट्रीचे काम पाहते, म्हणून आधी व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे पँट्रीच्या व्यवस्थापकांशी मुलीने स्वतः बोलावे, तुम्ही नाही. त्यांच्या फळ्यांची जागा, त्यांचे नियम आणि त्यांची माणसे या तिन्ही गोष्टी तिने समजून घेतल्या तर उपक्रम तिचा होईल. सुटे धान्य किंवा घरी भरलेल्या पिशव्या बहुतेक पँट्र्या घेत नाहीत, कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटेच लागतात. भारतीय दुकानांत २० पौंडांची तांदळाची गोणी स्वस्त पडते म्हणून लोक तीच आणून देतात, पण बसने आलेल्या सत्तरीच्या बाईने ती उचलायची कशी? दोन ते चार पौंडांची पाकिटे मागा. महाग पडली तरी चालतील.

दुसरी गोष्ट तारखांची. डब्यावरची तारीख उलटली म्हणजे पदार्थ खराब झाला असे नसते. या देशात केंद्रीय कायद्याने तारीख छापणे बंधनकारक आहे ते फक्त तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीवर. तरीही तारीख उलटलेली वस्तू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जी आपण आपल्या घरी पानात वाढणार नाही, ती दुसऱ्याच्या हातात ठेवताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही, हा प्रश्न मला नऊ वर्षे पडलेला आहे. चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नाबद्दल दात्यावर खटला होऊ नये म्हणून १९९६ सालापासून कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा दुकानदार घाबरले तर त्यांना ते जरूर सांगावे.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे भारतीयांचे सहसा लक्ष जात नाही. तूरडाळीला कुकर लागतो, निदान तासभर शिजवायला शेगडी तरी लागते. आमच्याकडे येणाऱ्यांत मोटेलच्या खोलीत राहणारी कुटुंबे आहेत, त्यांच्यापाशी फक्त मायक्रोवेव्ह असतो. त्यांच्यासाठी मसूर, पोहे आणि रवा अधिक ठेवा.

ठाणेकर_मामा

मी ठाण्याचा. आमचे सिनेगॉग, शाअर हशामाईम, १८७९ सालचे आहे. तिथे आजही शब्बाथची प्रार्थना होते, पण समोर बसणाऱ्यांची संख्या माझ्या लहानपणाच्या मानाने फारच कमी झाली आहे. १९४८ नंतर आपली बहुसंख्य माणसे इस्राएलला गेली. आज भारतात आपण सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास उरलो आहोत.

त्यामुळे मी आपल्या वडिलांच्या बाजूने आहे. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आपल्या दफनभूमी आहेत, पण त्यांच्याकडे पाहणारा माणूस नाही. मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी पेणच्या बाजूला एका ठिकाणी गेलो होतो. जांभ्या दगडाचा गडगा दोन ठिकाणी ढासळलेला होता आणि आत कमरेएवढे गवत होते. कोयत्याने गवत बाजूला करून एक दगड ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा वर हिब्रू ओळ आणि तिच्याखाली मराठीत बाईचे नाव, नवऱ्याचे नाव आणि गावावरून पडलेले आडनाव दिसले. शेवाळ्यामुळे साल वाचता आले नाही. आणखी दहा पावसाळ्यांनी नावही जाईल. फूड पँट्रीला अमेरिकेत शेकडो हात मिळतील, त्या दगडावरची मराठी आणि हिब्रू दोन्ही वाचू शकेल अशी १३ वर्षांची मुलगी मात्र जगात फार थोड्या घरांत आहे. मला हे आपल्याला अगदी कळकळीने सांगायचे आहे.

लोदची_मावशी

ठाणेकरमामा, तुमचे वाचून गळा दाटून आला. माझी आजी अशाच एका गावच्या मातीत आहे आणि मी इस्राएलमध्ये बसून तिच्या कबरीवरचे गवत काढू शकत नाही.

आपल्या परंपरेत मेलेल्या माणसासाठी केलेल्या सेवेला ‘हेसेद शेल एमेत’ म्हणतात, म्हणजे खरीखुरी दया, कारण तिची परतफेड मेलेला माणूस कधीच करू शकत नाही. तेव्हा दफनभूमीचे काम दानधर्मात बसते की नाही, असा प्रश्नच नाही. ते बसते, आणि फार वरच्या पायरीवर बसते.

तरीही या मुलीला तिच्या पाठाने जी ओळ दिली आहे तिच्याशी तिने प्रामाणिक राहावे, असे मला वाटते. ‘त्याला जे उणे आहे’ या शब्दांवर तालमुद या आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, केतुबोथ भागाच्या ६७ व्या पानावर, हिल्लेल या धर्मगुरूची एक गोष्ट येते. चांगल्या घराण्यातला एक माणूस गरिबीत आला होता. हिल्लेलने त्याला बसायला घोडा दिला आणि पुढे धावायला एक चाकर दिला, कारण त्या माणसाचे उणे ते होते. एके दिवशी चाकर मिळाला नाही, तेव्हा हिल्लेल स्वतः त्याच्या घोड्यापुढे तीन मैल धावला. हिल्लेल केवढा मोठा पंडित! त्याने उपदेश केला नाही की बाबा रे, गरिबाला घोडा कशाला. साडीतल्या त्या आजींचा घोडा म्हणजे मसुराची डाळ आहे, आणि ते तुमच्या लेकीने पाहिले. एवढ्या लहान वयात हे दिसणे ही देणगी आहे, ताई. कबरी थांबतील. मी हे जड मनाने लिहिते आहे, कारण त्यांतली एक माझ्या आजीची आहे.

सरवा

मी ज्यू नाही, नगर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला आहे. एक शंका विचारतो. दान करायचे ते पुण्यासाठी, अशी आमच्याकडे समजूत आहे. विधीचा भाग म्हणून मुलाला दान करायला लावले तर त्यात मनाचा भाग किती राहतो? शिवाय परदेशात कॉलेजच्या अर्जात लिहायला असे उपक्रम लागतात, असेही ऐकतो. हे टीका म्हणून लिहीत नाही, खरोखर समजून घ्यायचे आहे.

नवगावची_लेक

सरवा, आपली शंका रास्त आहे आणि ती मलाही पडते. आमच्याकडे दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात आणि हा शब्द ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय यावरून आला आहे. मनात दया दाटून आली तर द्यावे, नाही आली तर देऊ नये, अशी सवड त्यात नाही. गरिबाचे जे आहे ते त्याच्यापर्यंत पोचवायचे, म्हणून ती आज्ञा. आपण घेतलेले नाव तर थेट तोरातले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का? लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात सांगितले आहे की, शेत कापताना कोपरा सोडून द्या आणि सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मालकाने उपकार म्हणून देण्याचा तिथे संबंधच नाही. कोपरा गरिबाचाच.

मायमोनिदीस या १२ व्या शतकातल्या धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. चेहरा पाडून दिलेले दान सगळ्यांत खाली येते. देणारा कोण ते घेणाऱ्याला माहीत नाही आणि घेणारा कोण ते देणाऱ्याला माहीत नाही, असे दान वरून दुसरे. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर आहे ते माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही असे करणे. माझ्या मुलीचे काम यात मधल्या कुठल्यातरी पायरीवर आहे आणि तिला ते माहीत आहे. मन मागाहून आले तरी चालते, पण आजींच्या घरी डाळ आज शिजायला हवी, असे तिने मला ऐकवले.

कॉलेजच्या अर्जाबद्दल आम्ही घरात ठरवले आहे की हा उपक्रम त्यात लिहायचा नाही.

विदुला_शिकागो

फोटोंचा विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढते. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या उपक्रमात (शहर आणि संस्था सांगत नाही) अन्न घेणाऱ्यांसोबत त्याचे फोटो काढून ते समारंभाच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवले गेले. रांगेतल्या एका आजोबांचा मुलगा त्याच समारंभाला पाहुणा म्हणून आला होता आणि आपले वडील पँट्रीत जातात हे त्याला तिथे, दीडशे माणसांसमोर, पहिल्यांदा कळले. आजोबा त्यानंतर आमच्याकडे पुन्हा आले नाहीत. मी दोनदा फोन केला, पण त्यांनी उचलला नाही. त्या मुलाच्या घरच्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे, पण त्या म्हाताऱ्या माणसाचे जेवण आमच्या हातून गेले.

आपल्याकडचे किती आईवडील मुलांना न सांगता पँट्रीत येतात, ते रविवारी सकाळी टेबलामागे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही सरकारी अन्नसाहाय्यासाठी प्रौढांना साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, आणि सुनेच्या घरात रोज आपल्या चवीचे मागायचा संकोच वाटतो. त्यांना दोन पौंड तांदूळ हवे असतात. त्यांचा चेहरा कोणत्याही भिंतीवर नको.

लोदची_मावशी

विदुलाताई, जेरुसलेमच्या मंदिरात एक ‘गुप्त खोली’ होती, असे मिश्ना या आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या शेकालीम भागात सांगितले आहे. देणारे तिथे कोणाला न कळता ठेवून जात आणि चांगल्या घरातले पण गरिबीत आलेले लोक तिथूनच कोणाला न कळता घेऊन जात. चारचौघांत माणसाचे तोंड उतरवणे म्हणजे त्याचे रक्त सांडण्यासारखे आहे, असेही आपले शास्त्रकार म्हणून गेले आहेत. त्या आजोबांची आठवण तुम्ही अजून मनात ठेवली आहे, हे वाचून बरे वाटले.

ठाणेकर_मामा

दोन दिवस विचार केला. मावशींचे म्हणणे मला पटले, पण पूर्ण नाही. जिवंत माणसाची भूक आधी, हे मान्य. मात्र ‘कबरी थांबतील’ हे मान्य नाही, कारण मी तो दगड पाहिला आहे. नवगावची लेक, आपण गावी कधी येणार असाल तर एक दिवस मला द्या. मुलीला घेऊन या. ती वाचेल आणि मी लिहून घेईन. बात मित्झ्वाच्या कागदावर ते नसले तरी चालेल.

नवगावची_लेक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

मुलीने माझ्या बाबांना स्वतः फोन केला. मला वाटले होते की ते नाराज होतील. तिने सुपाच्या डब्याची हकीकत सांगितल्यावर बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “त्या बाईंना विचारलंस का गं, त्यांना काय लागतं ते?” तिने विचारले नव्हते. आम्ही सगळे डाळ, डाळ म्हणत होतो, पण खुद्द आजींना कोणी विचारलेच नव्हते.

मग पुढच्या रविवारी तिने शाळेतल्या एका गुजराती मैत्रिणीला सोबत नेले आणि पँट्रीच्या बाईंच्या परवानगीने रांगेतल्या माणसांना, ज्यांची इच्छा होती त्यांनाच, नाव न विचारता एकच प्रश्न विचारला. उत्तरे तिने वहीत उतरवली. आजींनी डाळ सांगितलीच नाही. त्यांना चहा हवा होता आणि बिनमिठाचे काहीतरी हवे होते, कारण रक्तदाबामुळे डबाबंद भाज्या त्यांना चालत नाहीत. दोन तरुण आयांनी मसूर आणि तांदूळ सांगितले. एका मेक्सिकन काकांनी काळा घेवडा आणि मक्याचे पीठ सांगितले, आणि भाषांच्या यादीत आम्ही स्पॅनिश लिहूनही फळीवर त्यांच्यासाठी एकही वस्तू धरली नव्हती, हे तेव्हा लक्षात आले. लिहून घेताना लेकीचे कान लाल झाले होते.

फळी सुरू होऊन आता दोन रविवार झाले. ज्यूंमध्ये १८ हा अंक ‘खाय’, म्हणजे जिवंत, या शब्दाचा धरतात आणि भेटीची रक्कमही १८ च्या पटीत देतात, म्हणून तिने आमंत्रणाच्या पत्रासोबत प्रत्येक घराला १८ डॉलरांच्या खरेदीची यादी पाठवली आहे: चहा, मसूर, पोहे, काळा घेवडा, मक्याचे पीठ, दोन पौंडांचा तांदूळ. पहिल्या रविवारी मसूर तासाभरात संपली आणि तूर तशीच राहिली, विदुलाताई म्हणाल्या होत्या अगदी तसेच झाले. फोटो काढलेले नाहीत. सिनेगॉगमध्ये दाखवायला ती फक्त तिची वही नेणार आहे.

मामा, आम्ही डिसेंबरमध्ये गावी येतो आहोत. एक नाही, दोन दिवस आपल्याला देऊ. बाबांनी कोयत्याला धार लावून ठेवली आहे, असा निरोप आला आहे.

एक मदत हवी आहे. तेलुगू चिठ्ठ्या लिहिताना तूरडाळीला ‘कंदि पप्पु’ आणि मूगडाळीला ‘पेसर पप्पु’ असे लिहिले आहे. हे बरोबर आहे का, आणि पोह्यांना घरात रोज काय म्हणतात, ते येथे कोणी तेलुगू जाणणारे असतील तर रविवारच्या आत सांगाल का?

सरवा

डाळींची दोन्ही नावे बरोबर आहेत. माझी बायको हैदराबादची आहे, तिला विचारून लिहितो. पोह्यांना ‘अटुकुलु’ लिहा. अक्षरे मोठी काढायला सांगा, असे ती म्हणते. तिच्या आईला चष्मा लावूनही बारीक वाचता येत नाही.